कुत्र्यांच्या गाडीचा दाढदुख्या सारथी

विमानात, खाली कुठला तरी समुद्र असताना, मी अख्खी सुपारी दाताने फोडली.

बरं, फोडली तीही डाव्या बाजूने. याच बाजूच्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट झालेलं होतं. आमच्या नाशिकच्या जेलरोडवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक नस काढली होती, दुसरी पुढच्या खेपेला काढायची होती. वर तात्पुरतं सिमेंट भरून त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं बजावलं होतं, "काका, तिकडून आलात की उरलेलं करू. तोवर डावीकडून कडक काही चावायचं नाही. चिक्की नाही, शेंगदाणे नाहीत, सुपारी तर अजिबात नाही." मी मान हलवली. मान हलवताना हात खिशातल्या सुपारीच्या डबीवर होता, हे त्यांना दिसलं नाही.

आता कोणी विचारेल की एवढा शहाणा माणूस अख्खी सुपारी दाताने का फोडेल? त्याचं उत्तर मुंबईच्या विमानतळावर, सुरक्षा तपासणीच्या टोपलीत पडलेलं आहे. घरून निघताना बायको म्हणाली होती, "अहो, तो अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका." मी म्हणालो, "अगं, अडकित्त्याला कोण विचारतंय!" तिथल्या गणवेशातल्या पोराने विचारलं. त्याने माझा पितळी अडकित्ता दोन बोटांत धरून दिव्याकडे केला, दोनदा उघडला, दोनदा मिटला आणि म्हणाला, "अंकल, ये क्या है?" मी म्हणालो, "सुपारी के वास्ते." तो म्हणाला, "ये नहीं जाएगा." सुपाऱ्या मात्र जाऊ दिल्या. तिथेच माझा घात झाला. दोन्ही काढून घेतलं असतं तर मी वाचलो असतो.

जेवण झालं. जेवणानंतर सुपारी लागतेच, ही माझी कित्येक वर्षांची सवय. बायको खिडकीला डोकं टेकून झोपली होती. मी सगळी हयात एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर काढली. दाब वाढवला की सगळं सुटतं, अशी माझी धारणा. सुपारी दाढेखाली घेतली आणि दाब वाढवला.

कट्‌ असा आवाज झाला. तोंडात दोन तुकडे आले. एक सुपारीचा आणि एक माझा.

आम्ही चाललो होतो मुलीकडे, फिनलंडला. ती तिथे एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करते. काय करते ते मला तिने तीनदा समजावून सांगितलंय आणि मी तीनदा "अच्छा अच्छा" म्हटलंय. या वर्षी तिने आम्हा दोघांना हिवाळ्यातच बोलावलं, कारण तिच्या आईला एकच गोष्ट करायची होती आणि ती हिवाळ्यातच होते.

आमच्या हिला कुत्र्यांच्या गाडीत बसायचं होतं.

हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण यावरच आहे. आमच्या कॉलनीतल्या झाडून सगळ्या बेवारस कुत्र्यांची ही अन्नदाती. संध्याकाळी पोळ्यांची चळत घेऊन ही खाली उतरली की गल्लीच्या दोन्ही टोकांनी शेपट्या धावत येतात. या कुत्र्यांपायी आम्ही कधी चार दिवस गावाला गेलो नाही, सोसायटीच्या दोन मिटिंगांमध्ये शिव्या खाल्ल्या आणि एका शेजाऱ्याशी अबोला धरला. दोनेक वर्षांपूर्वी हिने मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. पांढऱ्या बर्फातून कुत्री गाडी ओढतायत, गाडीत एक बाई पांघरूण गुंडाळून राणीसारखी बसलीय. तो व्हिडिओ दूधवाल्याने पाहिला, इस्त्रीवाल्याने पाहिला, निफाडच्या तिच्या सगळ्या माहेराने पाहिला. मी एकदा म्हणालो, "अगं, इतक्या लांब जाऊन कुत्रीच बघायची?" त्यावर ती म्हणाली, "आयुष्यभर स्कूटरवर तुमच्या मागे बसले. एकदा कुत्र्यांच्या मागे बसू द्या."

फक्त अडचण अशी की त्या गाडीत, म्हणजे स्लेजमध्ये, एकाने बसायचं असतं आणि दुसऱ्याने मागे उभं राहून ती चालवायची असते. हिचे गुडघे उभं राहण्यातले नाहीत. आणि आमची मुलगी, जिच्या आईच्या मागे अख्ख्या जेलरोडची कुत्री फिरतात, ती कुत्र्याला जाम घाबरते. शाळेत असताना क्लासला जाताना तिच्या सायकलमागे एक कुत्रं लागलं आणि पोटरीला चावलं, तेव्हापासून. ती म्हणाली, "मी गेटपर्यंत येईन. आत नाही." राहिलं कोण? मी. सारथी ठरलेला होता. आणि त्या सारथ्याची दाढ समुद्रावर फुटली होती.

मुलीच्या घरी पोचेपर्यंत ठणका सुरू झाला होता. आपला साधा ठणका नव्हे. आत कोणी हातोडी घेऊन बसलंय आणि त्याला वेळेवर पगार मिळतोय, असा नियमित ठणका. मी सांगणारच होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात मुलगी आईला सांगत होती, "आई, एक लक्षात ठेव. उत्तरेला तिथली एकच दुपार मिळालीय आपल्याला, पुढचं सगळं भरलंय. आणि कोणाला जरा जरी बरं वाटत नसेल ना, तर मी जाऊ देणार नाही. तिथे दवाखाना दोन तासांवर असतो. उगाच रिस्क नको."

मी उघडलेलं तोंड मिटलं.

शिवाय दुसरंही कारण होतं. सुपारी सोडतो असं मी या मुलीला फोनवर कबूल केलं होतं. दाढ दाखवायची म्हणजे सुपारी दाखवायची. पण खरं सांगतो, त्या घटकेला मला सुपारीची लाज कमी वाटत होती. समोर बायको बसली होती. मुलीने आणून ठेवलेले जाड बूट घालून, पाय पुढे करून, आळीपाळीने दोन्ही बुटांकडे बघत. मी मनाशी ठरवलं की दाढ राहो, जाओ, जबडा राहो, जाओ, ही बाई त्या गाडीत बसणार. उरलेल्या दाताचं काय ते नाशिकला गेल्यावर बघू.

आता ठरवणं सोपं असतं. पाळायला तोंड बंद ठेवावं लागतं आणि माझी सगळी ख्याती तोंड उघडं ठेवण्याबद्दलची.

पहिल्या दिवशी मी गप्प बसलो तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा इतके शांत का?" बायको समाधानाने म्हणाली, "इथली हवा मानवली त्यांना. इथेच ठेवून घे." जेवायला बसलं की मी उजवीकडून चावायचो, पण मुलगी नेमकी डावीकडे बसून आग्रह करायची आणि घास आपोआप तिकडे वळायचा. गरम लागलं की कळ मस्तकात. गार लागलं की तीच कळ मस्तकातून कानात. मी फक्त वरणभात मागायला लागलो. "कोमट," असं म्हणालो की दोघी माझ्याकडे बघायच्या.

मुलीच्या स्वयंपाकघरात मसाल्याचा डबा होता, हिनेच पाठवलेला. त्यातल्या लवंगा मी एकेक करून दाढेत दाबायला लागलो. दुसऱ्या दिवशी मुलीने मसालेभात केला आणि म्हणाली, "आई, लवंगा किती कमी पाठवल्यास गं." बायको म्हणाली, "मूठभर पाठवल्या होत्या." मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बर्फ होता, त्याच्याकडे बघण्यासारखं बरंच होतं.

मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. हिच्या औषधांच्या पिशवीत गुडघेदुखीच्या गोळ्या असतात. गुडघा काय आणि दाढ काय, दुखणं ते दुखणंच. मी कण्हत म्हणालो, "अगं, माझाही गुडघा जरा धरलाय. तुझी एक गोळी दे बरं."

तिचा चेहरा एकदम उतरला.

"गुडघा? मग तुम्हाला त्या गाडीवर उभं राहायला जमायचं नाही."

"छे छे! गुडघा नाही. डोकं म्हणायचं होतं मला. डोकं!"

"डोकं दुखतंय तर गुडघा कशाला म्हणालात?"

"डोकं दुखतंय म्हणूनच."

तिने गोळी परत पिशवीत टाकली आणि माझ्या कपाळाला इतका बाम चोळला की पुढचा तासभर डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दाढ तशीच ठणकत होती. पण एक फायदा झाला, डोळ्यांत पाणी कशाने आलंय हे आता कोणी विचारत नव्हतं.

उत्तरेला आम्ही गेलो त्या दिवशी थंडी अशी होती की नाकातले केस कडक होऊन टोचायचे. मुलगी सारखी म्हणत होती, "आई, अजून एक स्वेटर घाल." आणि ही म्हणत होती, "मी निफाडची आहे. थंडीचं मला सांगू नकोस." खरंय ते. निफाडला पारा उतरतो तेव्हा द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. पण तिथे निदान द्राक्षं तरी असतात. इथे नुसती पांढरी झाडं आणि मधूनमधून पांढरं काहीच नाही. आणि मी आयुष्य बॉयलरपुढे काढलेला माणूस. दाढेला बहुतेक तेच आठवत असावं, कारण गार हवेचा एक कण आत गेला की ती शिट्टी वाजल्यासारखी किंचाळायची. मी मफलर नाकापर्यंत गुंडाळला आणि तोंडाला आतून कुलूप लावलं.

कुत्र्यांच्या त्या गोठ्याशी, दुसरा शब्द मला सुचत नाही, पोचलो तर एवढा कल्लोळ की बोललेलं ऐकू येईना. शंभरेक तरी कुत्री असतील. साखळीवर उड्या मारत होती, हंबरल्यासारखी ओरडत होती. मुलगी गेटला पाठ लावून उभी राहिली ती तिथेच. बायको मात्र आत शिरली आणि क्षणात तिची भाषाच बदलली. कॉलनीत ती पुण्याच्या बाईसारखं बोलते, पण कुत्रं दिसलं की थेट माहेरची. "काय रे बाळा! लय भूक लागली का? आं? लय गुणाचं हाय माझं!" आणि विश्वास ठेवा, ती निळ्या डोळ्यांची फिनलंडची कुत्री कान पाडून ऐकत होती.

आमची वाटाड्या एक उंच, रुंद खांद्यांची बाई होती. तिने इंग्रजीत मला स्लेज समजावून सांगितली. मागे दोन पट्ट्या, त्यावर पाय ठेवायचे. मध्ये ब्रेक, एक लोखंडी पट्टी, तिला खाली दात. ब्रेक दाबला की दात बर्फात रुततात. त्या गाडीचे सगळे दात शाबूत होते, हे मी हेव्याने पाहून घेतलं. चढ आला की एक पाय खाली टाकून रेटायचं, नुसतं उभं राहायचं नाही. आणि मग तिने माझ्या डोळ्यांत डोळे घालून शेवटचा नियम सांगितला, "काहीही झालं तरी हा दांडा सोडायचा नाही. तुम्ही पडलात तरी सोडायचा नाही. कुत्री थांबत नाहीत. तुम्ही सोडलात तर तुमची बायको एकटी जाईल."

मी मान हलवली. तिने विचारलं, "काही प्रश्न?" मी परत मान हलवली. तोंड उघडायला मी तयार नव्हतो.

बायको गाडीत बसली. हरणाच्या कातड्यावर, पांघरुणात गळ्यापर्यंत गुंडाळलेली, टोपी कानांवर ओढलेली. अगदी व्हिडिओतली ती बाई. फरक एवढाच की या बाईच्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये घरून आणलेल्या भाकरीचे वाळलेले तुकडे होते, जे तिने नाशिकपासून इथवर एकाही विमानतळावर कोणाला सापडू दिले नव्हते. तिने मान वर करून मला विचारलं, "अहो, जमेल ना?"

मी अंगठा वर केला.

वाटाड्याची गाडी पुढे निघाली आणि आमची तिच्यामागे. गंमत म्हणजे निघाल्या क्षणी सगळी कुत्री चिडीचूप. एवढा वेळचा तो आरडाओरडा फक्त "चला, चला" एवढाच होता. आता नुसता पायांचा आवाज आणि पट्ट्यांची सरसर. इतकं सुंदर होतं ते, की मी क्षणभर दाढ विसरलो. पण ती मला विसरली नव्हती. खड्डा आला की खालून दणका, दणक्यासरशी दाढेत कळ. मी दात आवळणार कसा? दात आवळून सहन करायची सोय फक्त दात धड असणाऱ्यांना असते. मी बोटं आवळली. दांडा धरून मनात एकच घोकत होतो, सोडायचा नाही, सोडायचा नाही.

पहिला चढ आला. मी नुसताच उभा. पुढच्या जोडीतल्या एका कुत्र्याने धावता धावता मान मागे वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग दुसऱ्याने. शिफ्टला उशिरा आलेल्याकडे बाकीचे बघतात ना, अगदी तस्सं. मी खजील होऊन एक पाय खाली टाकला आणि रेटायला लागलो. बॉयलरच्या शिड्या आठवल्या. घाम आला. हे जमतंय, असं वाटलं.

मग उतार आला, गाडी सुसाट सुटली, आणि बायको आनंदाने ओरडली, "अहो! किती छान आहे ना?"

इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने मला इतक्या आनंदाने काही विचारलं नव्हतं. उत्तर न देणं शक्यच नव्हतं. मी मफलर खाली ओढला आणि ओरडलो, "हो!"

तो "हो" पूर्ण झाला की नाही मला आठवत नाही. ती सगळी उत्तर ध्रुवाची हवा एका दमात त्या फुटक्या दाढेत शिरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. उजवा हात आपोआप गालावर गेला. नेमकं तेव्हाच वळण आलं. गाडी वळली, मी नाही वळलो.

मी पडलो. पण डावा हात दांड्यावर होता आणि डावा हात माझाच असल्यामुळे हट्टी होता. त्याने सोडलं नाही. उजवाही मागोमाग जाऊन चिकटला. मी पोटावर आडवा, हात पुढे ताणलेले, तोंड बर्फात, आणि कुत्री मला बटाट्याच्या पोत्यासारखं ओढतायत. ओरडून उपयोग नव्हता, तोंडात बर्फच बर्फ. बायको टोपीत आणि पांघरुणात गुंडाळलेली, तिला मागचं काही दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. ती आपली पुढे झाडं बघत मजेत चालली होती. माझं नाक बर्फात नांगरासारखं तास पाडत होतं. आणि त्या अवस्थेत माझ्या लक्षात आलं की दाढ दुखत नाहीये.

बर्फाने ती पार बधिर झाली होती. फिनलंडला आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं.

पुढे वाटाड्याने मागे वळून पाहिलं. तिने तिची गाडी थांबवली, तशी आमचीही कुत्री थांबली. ती पळत आली, मला उलटं केलं, तोंडातला बर्फ काढायला लागली. मी तिचा हात अडवला. तो बर्फ मला हवा होता. तिने विचारलं, "तुमचं नाव काय? तुम्ही कुठून आलात?" मी सांगितलं. पण जीभ, गाल, ओठ सगळं सुन्न असल्यामुळे "नाशिक" हा शब्द बाहेर आला तो कुठल्याही देशात नसलेल्या गावासारखा. ती घाबरली. माझ्या डोक्याला मार लागलाय असं तिला वाटलं. तिने बायकोकडे पाहिलं. बायकोने मान वळवून माझी अवस्था पाहिली, मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं आणि तिच्या ठेवणीतल्या इंग्रजीत म्हणाली, "ऑलवेज लाइक धिस. नो प्रॉब्लेम."

वाटाड्याचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "इथून परतायची जवळची वाट आहे. पुढे गोठलेलं तळं आहे, पण ते राहू द्या. आपण परत जाऊ."

बायकोला सगळं इंग्रजी कळत नाही, पण हाताची दिशा कळली. मांडीवरची पर्स तिने नुसती दोन्ही हातांनी धरली. ते तळं त्या व्हिडिओत होतं.

मी उठलो. पायावर उभा राहिलो, कपड्यांवरचा बर्फ झटकला, खाली वाकून स्वच्छ बर्फाचा एक गोळा उचलला आणि डाव्या गालात ठेवला. मग पट्ट्यांवर चढलो, दांडा धरला आणि पुढे बोट दाखवलं. वाटाड्या काही बोलायला लागली. मी परत बोट दाखवलं. तिसऱ्यांदा दाखवायची वेळ आली नाही. तिने खांदे उडवले आणि आपल्या गाडीकडे गेली.

यानंतर मी जी गाडी चालवली तशी मी आयुष्यात स्कूटरही चालवली नाही. चढावर रेटलं, उतारावर ब्रेक दाबला, वळणावर अंग झुकवलं. बायको काहीही ओरडली तरी उत्तर दिलं नाही. गालातला बर्फ वितळला की वाटेत वाकून नवा उचलायचा. एखादा सराईत असल्यासारखा. पुढची कुत्री मागे बघायची थांबली, यातच सगळं आलं.

आणि आलं ते तळं. गंगापूर धरणाचं सगळं पाणी एका झोपेत पांढरं आणि टणक व्हावं, आणि वर कोणी म्हणजे कोणी नसावं, असं काहीतरी. वाटाड्याने गाड्या थांबवल्या. कुत्री बर्फावर आडवी झाली. बायको उतरली, हातमोजे काढले आणि एकेकाच्या कानामागे खाजवत पहिल्या जोडीपर्यंत गेली. प्रत्येकाशी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम लांब उभा राहिलो. पर्समधून भाकरीचा तुकडा काढून तिने वाटाड्याकडे पाहिलं. वाटाड्याने मान हलवली, आत्ता नाही, धावून झाल्यावर, घरी पोचल्यावर. हिने शहाण्या मुलीसारखा तो परत ठेवला. मग सगळ्यांत पुढच्या कुत्र्याने तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, आणि ती त्या दुखऱ्या गुडघ्यावर ते डोकं तसंच ठेवून, वाकून, बराच वेळ उभी राहिली.

माझा बर्फ वितळला होता. दाढ परत सुरू झाली होती. चालू दे म्हटलं.

गोठ्यावर आम्ही परत आलो तेव्हा मी जिंकलो होतो. दांडा सोडला, पट्ट्यांवरून उतरलो. भाकरीचे तुकडे वाटून झाले. मुलगी गेटपलीकडून हात हलवत होती. आता नुसतं गाडीत बसून निघायचं होतं. तेवढ्यात वाटाड्याने कौतुकाने माझ्या हातात वाफाळत्या सरबताचा पेला दिला, कुठल्याशा जांभळ्या फळांचं. विजयाच्या भरात मी मोठा घोट घेतला.

जी किंकाळी बाहेर पडली ती माझी होती हे मला जरा उशिराने कळलं. मग एका कुत्र्याने मान वर करून माझ्याच सुरात सूर मिळवला. मग दुसऱ्याने. मग शंभरेकांनी. सगळा गोठा माझ्या नावाने गळा काढून रडत होता आणि मी गाल धरून मध्यभागी उभा.

आणि मुलगी धावत आत आली. गेट उघडून, कुत्र्यांच्या रांगांमधून, सरळ. माझा दंड धरला आणि मग तिला कळलं की ती कुठे उभी आहे. दंड इतका घट्ट धरला की तिथेही दुखायला लागलं. तशा अवस्थेत, एक डोळा कुत्र्यांवर ठेवून, तिने मोबाईलचा दिवा लावला.

"बाबा, आ करा. मोठा करा... हे काय आहे? अर्धी दाढच नाहीये! कशाने झालं?"

मी सांगितलं कशाने.

"कधी?"

"विमानात."

पुढचं संभाषण एकतर्फी होतं, ते मी इथे देत नाही. तिने मला दोन तासांवरच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका शांत माणसाने वेदना थांबवायच्या गोळ्या दिल्या, दाढेवर पुन्हा काहीतरी लिंपलं आणि घरी जाऊन उरलेलं काम पुरं करा म्हणून सांगितलं. बायको परतीच्या वाटेवर माझ्याकडे पाठ करून बसली होती. मला वाटलं रागावलीय. मी हळूच म्हणालो, "तुला गाडीत बसायचं होतं ना, म्हणून." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बसले की." आणि आपल्या पर्समधून गुडघ्याची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली.

नाशिकला आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी जेलरोडला डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत होतो. बायको सोबत आली होती, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. दाढ बधिर करायचं इंजेक्शन टोचून झालं होतं, ते चढेपर्यंत मला बोलायला वेळ होता आणि इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. मी पडल्या पडल्या सांगायला लागलो. थंडी किती, कुत्री किती, वळण केवढं, मी कसा पडलो आणि पडूनही दांडा कसा सोडला नाही, बर्फातून केवढं ओढत नेलं मला, तरी गाडी कशी वाटेवर ठेवली. सुपारीचं मात्र मी "काहीतरी कडक लागलं" इतक्यावर आटोपलं. डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत ऐकत होत्या. जीभ जड होत चालली तसा मी आणखी रंगात येत गेलो.

त्यांनी कौतुकाने बायकोकडे वळून विचारलं, "काकू, खरंच काकांनी गाडी चालवली?"

"चालवली ना," ती म्हणाली. "उभे होते तोवर नुसती हेलकावे खात होती. आडवे झाले तेव्हा कुठे सरळ चालली. आत्ताही आडवेच आहेत, उठायच्या आत उरकून घ्या."